ग्रानादाच्या पाडावानंतरही चालू राहिलेले जडावकाम

प्रति,
मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्पेनमधील जुन्या जडावकामाच्या, म्हणजे लाकडात हाड, हस्तिदंत किंवा दुसरे लाकूड बसवून नक्षी केलेल्या, फर्निचरवर आलेला सचित्र लेख मी आस्थेने वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला अर्धे पान द्यावे याचा मला मनापासून आनंद झाला. जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती आणि जतन हेच माझे काम असल्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. मात्र लेखातील एक विधान मला तसेच सोडून देता येत नाही. स्पेनमधील अखेरचे मुसलमानी राज्य असलेले ग्रानादा १४९२ साली ख्रिस्ती राजसत्तेच्या हाती पडले आणि त्याबरोबर तारका-चौकटींची ही कला स्पेनमधून संपली, त्यानंतरच्या वस्तू म्हणजे ‘इस्लामी प्रभावाची नक्कल’ होय, असे लेखकाने लिहिले आहे. आज संग्रहालयांमध्ये असलेल्या वस्तूच याच्या उलट साक्ष देतात. राज्य बदलल्याने कारागिराचा हात एका दिवसात बदलत नाही, आणि या हातांनी तर सत्तांतरानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ काम केले आहे.

ही कला ग्रानादाच्या अखेरच्या राजवटीत अचानक उगवलेली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. तिचा सर्वांत भव्य नमुना त्याआधी साडेतीनशे वर्षांचा आहे आणि तो आज स्पेनमध्ये नाही. मोरोक्कोतील माराकेश शहराच्या कुतुबिया मशिदीत अनेक शतके उभे असलेले लाकडी प्रवचनपीठ, म्हणजे मिंबर, मोरोक्को आणि दक्षिण स्पेनवर राज्य करणाऱ्या अल्मोराव्हिद घराण्याचा सुलतान अली इब्न युसुफ याच्यासाठी घडवले गेले. हे काम ११३७ साली दक्षिण स्पेनमधील कोर्दोबात सुरू झाले, असा लेख त्या पिठावरच कोरलेला आहे. जवळपास चार मीटर उंचीचे हे पीठ कोर्दोबाच्या सुतारांनी सुट्या भागांत तयार केले, ते समुद्रापलीकडे नेले आणि माराकेशला जोडून उभे केले. त्याच्या दोन्ही बाजूंवर अष्टकोनी तारकांचे जाळे पसरलेले आहे, जाळ्याच्या पट्ट्या हाड आणि रंगीत लाकडांच्या बारीक तुकड्यांनी जडवलेल्या आहेत आणि पट्ट्यांच्या मधल्या जागांत नाजूक कोरीव फळ्या बसवल्या आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आणि मोरोक्कोच्या तज्ज्ञांनी मिळून १९९०च्या दशकात त्याचे जतनकाम केले. ते आता माराकेशच्याच बादी राजवाड्यात पाहायला मिळते. स्पॅनिश जडावकामाचा विचार करणाऱ्याने सुरुवात येथून करावी, कारण पुढे पेट्या, खुर्च्या आणि लिहिण्याच्या मेजांवर जे दिसते त्याची रेखाटणी आणि शिस्त या एका वस्तूत पूर्णपणे सिद्ध झालेली आहे.

लेखात या भूमितीला ‘सजावट’ म्हटले आहे, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. माझ्या मते लेखातील मूळ गैरसमज येथेच आहे. स्पेनमधील सुतारांच्या परंपरेत तारका आणि पट्ट्यांचे जाळे हे तयार वस्तूवर शेवटी चढवायचे नक्षीकाम नसून सुताराच्या हत्यारातूनच निघणारी मांडणी आहे. त्या सुताराजवळ अंश मोजण्याचे साधन नसे. त्याच्याजवळ लाकडाचे त्रिकोणी गुण्ये असत. अर्ध्या वर्तुळाचे जितके समान भाग करायचे त्या आकड्यावरून प्रत्येक गुण्याची ओळख ठरलेली असे. चाराच्या गुण्याचा कोन पंचेचाळीस अंशांचा, आठाच्या गुण्याचा साडेबावीस अंशांचा, तर पाचाच्या गुण्याचा छत्तीस अंशांचा. एका चौरसावर दुसरा चौरस पंचेचाळीस अंशांनी फिरवून ठेवला की आठ टोकांची तारका मिळते, तिच्या बाजू पुढे वाढवत नेल्या की शेजारची तारका आपोआप जागेवर येते, आणि हे सर्व आखायला त्या दोन-तीन गुण्यांपलीकडे काही लागत नाही. ज्या गुण्यांनी छताचा उतार ठरवायचा, त्यांनीच छताखालचे तारकांचे जाळे आखायचे, आणि तीच रीत लहान प्रमाणात पेटीच्या झाकणावर वापरायची. वाचकांनी हे ध्यानात घेतले तर १४९२ नंतर ही रीत का टिकली याचे उत्तर अर्धे मिळते. जी गोष्ट सुतारकीच्या मूळ शिक्षणात मुरलेली आहे, ती राजाज्ञेने पुसली जात नाही.

उरलेले अर्धे उत्तर कागदोपत्री आहे. सेव्हिल हे शहर १२४८ सालीच ख्रिस्ती राजाच्या ताब्यात गेले होते. त्या शहराचे कारागिरांविषयीचे नियम १५२७ साली छापून प्रसिद्ध झाले. त्यांत सुतारांच्या परीक्षेच्या पायऱ्या दिलेल्या आहेत, आणि वरच्या दर्जाच्या कारागिराला तारकांच्या जाळ्याचे काम आलेच पाहिजे अशी अट आहे. म्हणजे जिंकून घेतल्यावर पावणेतीनशे वर्षांनीसुद्धा ख्रिस्ती नगरपालिका आपल्या सुतारांकडून हीच विद्या मागत होती. पुढे १६३३ साली त्याच सेव्हिलमध्ये दिएगो लोपेस दे आरेनास या मुरलेल्या सुताराने सुतारकामावरचा आपला ग्रंथ छापला आणि गुण्यांच्या साहाय्याने निरनिराळ्या टोकांच्या तारका कशा बांधायच्या याची रीत त्यात दिली. हे साल महत्त्वाचे आहे. स्पेनमधील मोरिस्को, म्हणजे सक्तीने बाप्तिस्मा दिलेले मुसलमान आणि त्यांचे वंशज, यांना १६०९ ते १६१४ या काळात देशाबाहेर घालवले गेले. सुमारे तीन लाख माणसे गेली. त्यांच्यातील कारागिरांनी शतकानुशतके जोपासलेली विद्या त्यांच्या हकालपट्टीनंतर वीस वर्षांनी छापील पुस्तकात येते, याचा अर्थ ती तोवर ख्रिस्ती सुतारांच्या हातात पुरती रुजलेली होती.

या इतिहासातील क्रौर्य मला झाकायचे नाही. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादा शरण गेले तेव्हा तहात धर्म, मालमत्ता आणि रीतिरिवाज सांभाळण्याचे वचन दिले गेले होते. दहा वर्षांच्या आत ते मोडले आणि १५०२ साली कास्तिलच्या राज्यातील मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच मार्ग उरले. ग्रानादाजवळच्या आल्पुहारास डोंगरातील मोरिस्कोंचे बंड १५७१पर्यंत चिरडले गेले आणि ग्रानादाच्या मोरिस्कोंना उचलून कास्तिलभर विखुरले गेले. या सगळ्या काळात त्या लोकांच्या हातचे काम मात्र सरदारांच्या आणि धर्मगुरूंच्या घरांत मानाने ठेवले जात होते. ‘प्रभाव’ असे मोघम लिहिले की ही माणसे चित्रातून नाहीशी होतात आणि नक्षी जणू वाऱ्यावरून आली असे वाटू लागते. म्हणूनच मला त्या लेखाचे वाईट वाटले.

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे वळतो. माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा म्हणजे कात्रीसारख्या एकमेकांना छेदणाऱ्या पायांची, घडी होणारी खुर्ची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्याच्या आरंभी ग्रानादात अशा खुर्च्या घडवल्या गेल्या. एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लाकूड मुख्यतः अक्रोडाचे, आणि हात-पायांच्या वळणदार पट्ट्यांवर हाड, हस्तिदंत व वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे सूक्ष्म तारकाकाम. संग्रहालये या खुर्च्यांचा काळ पंधराव्या शतकाचा शेवट ते सोळाव्याचा आरंभ असा लिहितात, आणि तसे लिहिणेच योग्य आहे, कारण नुसते काम पाहून ती खुर्ची जानेवारी १४९२ च्या अलीकडची की पलीकडची हे ठरवता येत नाही. कला त्या दिवशी संपली असती, तर हा भेद डोळ्यांना दिसला असता.

दुसरी वस्तू म्हणजे ज्याला आज बार्गेन्यो म्हणतात ते लिहिण्याचे मेज. हे नाव एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. घडवणारे आणि वापरणारे त्याला ‘एस्क्रितोरिओ’, म्हणजे लिहिण्याचे मेजच म्हणत. ही मुळात एक आडवी पेटी असते. पुढची फळी खाली पाडली की तीच लिहिण्याची जागा होते, आणि तिला आधार द्यायला खालच्या बैठकीतून दोन दांडे पुढे ओढायचे असतात. दोन्ही बाजूंना उचलायला लोखंडी कड्या असतात, कारण राजदरबार गावोगाव फिरे आणि कागदपत्रे सोबत न्यावी लागत. पुष्कळ मेजे बाहेरून साध्या अक्रोडाची असतात. त्यांवर जाळीदार लोखंडी पत्रे ठोकलेले असतात आणि पत्र्यांखाली लाल मखमल दिसते. फळी उघडल्यावर मात्र आत लहान लहान खण ओळीने मांडलेले दिसतात आणि त्यांच्या दर्शनी बाजूंवर हाडाच्या तारका, चौकटी, बारीक ठिपक्यांच्या रांगा असतात. बाहेरचा साधेपणा आणि आतली श्रीमंती ही जोडी मला या वस्तूंमध्ये फार आवडते. तशाच खणांची मांडणी ईशान्य स्पेनच्या कातालोनियातील नववधूच्या पेट्यांमध्येही आहे. तेथील जडावकामाला चिलगोज्याच्या दाण्यावरून नाव पडले आहे, कारण अक्रोडाच्या फळीत बसवलेले हाडाचे तुकडे आकाराने तसे दिसतात. सतराव्या-अठराव्या शतकांत मेक्सिकोच्या पुएब्ला शहरातही अशा तारकाकामाची मेजे घडू लागली, यावरून हे काम किती दूर पोहोचले याची कल्पना येते.

तंत्राविषयी लेखात एकच ओळ आहे आणि तीही अपुरी. स्पेनमधील जडावकामात दोन पद्धती स्पष्ट वेगळ्या आहेत. पहिल्या पद्धतीत भरीव फळीत पटाशीने आकार कोरून खळगा करतात आणि त्यात हाड, हस्तिदंत किंवा दुसऱ्या लाकडाचा नेमका कापलेला तुकडा सरसाने बसवतात. कातालोनियाच्या पेट्या या प्रकारच्या आहेत. दुसरी पद्धत ग्रानादाच्या कामाची ओळख बनली. तिच्यात त्रिकोणी आणि चौकोनी छेदाच्या बारीक कांड्या तयार करतात. काही आबनुसाच्या, काही पिवळट बॉक्सवुडच्या, काही हाडाच्या, काही हिरव्या रंगवलेल्या हाडाच्या, तर काही धातूच्या असतात. या कांड्या तारकेच्या आकारात जुळवून सरसाने चिकटवतात आणि घट्ट बांधून त्यांची जुडी करतात. जुडी वाळल्यावर, अळूवडीचा उंडा कापावा तशी, ती आडवी कापत जायचे. प्रत्येक चकतीत तीच तारका, त्याच रंगांत, मिळते. दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या या चकत्या मग पेटीच्या पृष्ठावर शेजारी शेजारी चिकटवायच्या, घासून सपाट करायच्या आणि चकाकी द्यायची. सारी अचूकता जुडी बांधतानाच साधावी लागते. एका कांडीचा कोन केसभर चुकला तर ती चूक शेवटच्या चकतीपर्यंत उतरते, आणि जुने काम हातात घेऊन भिंगाखाली पाहिले की त्या अज्ञात माणसाविषयी आदर दाटून येतो.

वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल, पण हीच दुसरी पद्धत मुंबईत नांदत होती. एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून युरोपात गाजलेल्या पेट्या सडेली कामाच्या होत्या, आणि सडेली म्हणजे याच कांड्यांच्या जुड्यांचे काम. मात्र हे आपल्याकडे स्पेनमधून आले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. इराणच्या शिराझमधील खातम, सिंध आणि सुरतमार्गे मुंबई असा त्याचा प्रवास आहे. ग्रानादा आणि मुंबई ही एकाच विस्तीर्ण कारागिरीच्या जगाची दोन टोके आहेत, एवढेच म्हणता येते आणि तेवढे पुरेसे थोर आहे.

आमच्या गोव्याच्या संदर्भात तर अधिक सावध राहावे लागते. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्या डोक्यावर होता, त्यामुळे गोवाही त्याच राजाच्या नावाने चाले. गोव्यात घडलेली अनेक खणांची उंच कपाटे, ज्यांना पोर्तुगीज ‘कोंतादोर’ म्हणतात, त्यांवर एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची आणि तारकांची नक्षी असते. हे दोन धागे जोडून ‘गोव्याचे काम स्पॅनिश वळणाचे’ असे विधान पुरातन वस्तूंच्या बाजारात सर्रास ऐकू येते. ते मला पटत नाही. या राजकीय एकत्रीकरणातही गोव्याचा कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहिला होता, आणि या प्रकारची बहुतेक प्रसिद्ध कपाटे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे तो संबंध तुटल्यानंतरची मानली जातात. सागवानात आबनूस बसवून वर हस्तिदंताच्या बारीक खुंट्या मारण्याची त्यांची रीत ग्रानादाच्या जुड्यांपेक्षा अगदी वेगळी आहे, आणि पायांच्या जागी कोरलेल्या नागकन्या तर कोणत्याही स्पॅनिश मेजाला ठाऊक नाहीत. इबेरियातून, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमधून, जे खरोखर आले ते वस्तूचे रूप होते. खाली पडणाऱ्या फळीचे मेज आणि खणांचे कपाट यांची मागणी तिकडून आली, तर त्यांवर काय उमटवायचे हे गुजरात, सिंध आणि गोव्याच्या कारागिरांनी आपल्या परंपरेतून ठरवले.

लेखासोबत छापलेल्या मोठ्या छायाचित्राबद्दलही लिहिणे भाग आहे. ‘स्पेनमधील मूर शैलीची’ (मूर म्हणजे स्पेनमधील मुसलमान) ‘खुर्ची’ अशी ओळ ज्याखाली दिली आहे, त्या खुर्चीवर शिंपल्याचे मोठे चमकदार तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याभोवती धातूची बारीक तार बसवलेली आहे. हे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दमास्कसमध्ये युरोपीय गिऱ्हाइकांसाठी होत आले. स्पेनच्या जुन्या कामात हाड आणि हस्तिदंत यांना प्राधान्य आहे आणि तारेची अशी किनार नसते. हा घोटाळा जुना आहे. ओवेन जोन्स या ब्रिटिश वास्तुकाराने १८४२ ते १८४५ या काळात अल्हाम्ब्राची, म्हणजे ग्रानादाच्या मुसलमान सुलतानांच्या राजवाड्याची, रेखाटने प्रसिद्ध केली, १८५४ साली लंडनजवळच्या सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहात अल्हाम्ब्राचे दालन उभे केले, आणि तेव्हापासून युरोपातील धनिकांना ‘मूर’ खोली हवीशी झाली. त्या खोलीत दमास्कस, कैरो आणि ग्रानादा येथील वस्तू एकत्र लावल्या जात. पुढे १९२०च्या दशकात फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियात स्पॅनिश धर्तीची घरे उठू लागली तेव्हा मागणी आणखी वाढली. पाम बीचचा वास्तुकार ॲडिसन मिझ्नर याने तर असे फर्निचर बनवण्याचे स्वतःचे कारखानेच काढले. जुन्या फळ्या, जुने लोखंडी पत्रे आणि नवे खण जोडून तयार केलेली मेजे आज लिलावांत सोळाव्या शतकातील म्हणून पुढे येतात. नव्या कामाला मी कमी लेखत नाही. ग्रानादात अल्हाम्ब्राकडे चढत जाणाऱ्या गोमेरेस रस्त्यावर आजही जडावकाम करणारे कारागीर आहेत आणि त्यांचे काम त्यांच्याच नावाने विकले जाते. जुन्याच्या नावाने नवे विकणे मात्र त्या कारागिरांवरही अन्याय करणारे आहे.

विकत घेणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या खुणा सांगतो. खऱ्या हाडावर भिंगातून बारीक काळपट ठिपके आणि रेघोट्या दिसतात, कारण हाडात रक्तवाहिन्यांची सूक्ष्म छिद्रे असतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांचे जाळे असते. प्लास्टिकवर यातले काहीच नसते. लाकूड आडव्या दिशेने आकसते आणि हाड आकसत नाही, म्हणून कित्येक शतकांच्या कामात तुकड्यांच्या कडेला फटी आणि किंचित उचललेल्या कडा असायलाच हव्यात. सर्वत्र एकसारखी गुळगुळीत असलेली पेटी संशयास्पद समजावी. खण पूर्ण बाहेर काढून त्याची मागची आणि खालची बाजू पाहावी, तिथे करवतीच्या आणि रंध्याच्या खुणा असतात आणि तिथे खोटेपणा करायचा कंटाळा बहुतेकांनी केलेला असतो. आपल्या दमट हवेत जुना सरस फुगतो आणि वातानुकूलित खोलीत कोरडा पडून तडकतो, तेव्हा अशी वस्तू एका हवेतून दुसऱ्या हवेत सारखी हलवू नये आणि ओल्या फडक्याने तर कधीच पुसू नये. आपल्याकडे शंभर वर्षांवरील अशी कलावस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. स्पेनमध्येही १९८५ च्या वारसा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू बाहेर पाठवायला परवानगी लागते. हस्तिदंताच्या व्यापारावरील निर्बंध याखेरीज आहेत, आणि हत्तींचा विचार करता ते असलेच पाहिजेत.

आपल्या लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचे पुरवणीत नमूद आहे. त्यात दमास्कसच्या खुर्चीच्या ओळीची दुरुस्ती यावी आणि प्रत्येक छायाचित्राखाली वस्तू कोठे घडली, साधारण कोणत्या काळात, कोणत्या लाकडात आणि कोणत्या पद्धतीने जडवली, आणि आज ती कोणत्या संग्रहात आहे, एवढा मजकूर द्यावा, ही विनंती. खुर्चीसाठी अल्हाम्ब्राच्या संग्रहालयातील किंवा मेट्रोपॉलिटनमधील नमुना घेता येईल. लिहिण्याच्या मेजासाठी माद्रिदचे राष्ट्रीय सजावट-कला संग्रहालय किंवा लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आहे, आणि त्याच लंडनच्या संग्रहालयात गोव्याची कोंतादोरही आहेत, म्हणजे दोन्हींची छायाचित्रे शेजारी शेजारी छापून वाचकांना फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, म्हापसा, गोवा